वाळूचं गणित रांगेत लागलं

प्रिय पुटपुटे,

फोन केला असता तर तू नेहमीसारखी मध्येच बरं, ठेवते म्हणाली असतीस, म्हणून पत्र. आधी माझी फजिती वाच, पोटभर हस, मग पुढे जा.

आपलं वाळूचं गणित मी पुन्हा हातात घेतलंय. तुझा तो अंदाज आठवतो ना, वादळाने किनाऱ्यावरची वाळू ओढून नेली तरी ती हळूहळू परत येते? संशोधनाच्या दिवसांत आपले सर म्हणाले होते, सिद्ध कर, नाहीतर सोड. प्रयोगशाळेतला आपला एकुलता एक संगणक एका वादळाच्या गणितातच धापा टाकायचा आणि आपल्याला हजारो वादळं तपासायची होती. तू सोडलंस आणि शाळेत गणित शिकवायला लागलीस. माझ्या डोक्यातून मात्र तो अंदाज जाईना. खरा की खोटा, एकदा कळायलाच हवं होतं.

आता आमच्या संस्थेत ग्रिड आलंय. म्हणजे ठिकठिकाणच्या संस्थांनी आपले संगणक एकमेकांना जोडलेत. ज्याचा रिकामा असेल त्यावर दुसऱ्याचं काम चालतं. आपण गणिताचे तुकडे करायचे, प्रत्येकाला किती मेमरी आणि किती वेळ हवा ते लिहायचं आणि रांगेत लावायचं. मी शहाणीने काय केलं, तर सगळे ज्या एका संगणकातून आत शिरतात, त्याच्यावरच अख्खं गणित सुरू केलं. झालं, कोणालाच आत जाता येईना. ग्रिड सांभाळणारे दादा जिने चढून वर आले आणि शांतपणे म्हणाले, ताई, तुम्ही उंबऱ्यातच चूल मांडलीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माणूस भला. शेजारी बसून त्यांनी आधी एकच छोटं वादळ रांगेत लावायला लावलं. तेही फसलं, कारण वाऱ्याची फाइल मी सोबत पाठवलीच नव्हती. दूरच्या संगणकाला माझ्या कपाटात काय आहे ते थोडंच ठाऊक! दुसऱ्या खेपेला उत्तर आलं आणि मी बसल्या जागी नाचले. दादांनी सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं.

मग सगळी वादळं धाडली. भाजी चिरतानाही माझं लक्ष फोनवरच्या रांगेकडे. नवरा म्हणाला, इतक्या आतुरतेने तू माझीही वाट पाहिली नव्हतीस. खरंच होतं, म्हणून त्याला भाजी जास्त वाढली.

काल शेवटचा तुकडा आला. पुटपुटे, वाळू परत येते. जवळजवळ प्रत्येक वादळानंतर, अगदी तू म्हणाली होतीस तशी. मी आनंदाने रडले गं. सरांना कळवलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, तिला सांगितलंस का? काही मोजक्या वादळांनंतर मात्र वाळू परत येत नाही. का, ते मला उमगत नाही, तुला उमगेल. इथे नव्या माणसाला ग्रिडवर घ्यायचं तर जुन्या सभासदाने सोबत उभं राहून, ही माझ्या ओळखीची, असं सांगावं लागतं. मी आता जुनी झालेय. सोमवारी शाळा सुटली की ओळखपत्र घेऊन संस्थेत ये. मी खाली थांबते.

तुझीच, अजून न सुधारलेली,
धांदल