पंखा फिरताना दिसायला हवा

तात्या, मी विमानातून दुसऱ्या विमानाचा फोटो काढला. हे पहिल्याच ओळीत सांगतो, कारण पाल्हाळ तुम्हाला आवडायचं नाही. गिऱ्हाईक सगळ्या गावाची खुशाली सांगून शेवटी पासपोर्ट फोटो मागायचं तेव्हा तुमचा चेहरा कसा व्हायचा ते मला आठवतं. मी एका विमानात होतो, साहेब दुसऱ्यात, दोन्ही विमानं हवेत, आणि मधलं अंतर एवढंच की साहेबांच्या हातमोज्याची शिवण दिसावी. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होतो आणि कॉलेज तिथंच सुटलं. एवढं मोठं काही लिहायची वेळ त्यानंतर आली नाही. लग्नाच्या अल्बमवर नवरानवरीची नावं टाकतो तेवढंच, आणि तीही दोनदा तपासतो. आताही शेजारी शब्दकोश ठेवलाय.

निमगाव केतकीचा आपला स्टुडिओ आता स्टुडिओ राहिलेला नाही. त्या गाळ्यात आई झेरॉक्सचं मशीन चालवते आणि मशीन अडकलं की त्याच्याशी भांडते. मी बारामतीत असतो, लग्नं करतो, बारशी करतो. पण गाळ्यात गेलो की मागच्या भिंतीकडे बघायची सवय जात नाही. तिथं तुमचं प्लायवूडचं विमान उभं असायचं, निळं, नाकावर तीन पात्यांचा रंगवलेला पंखा. बाजाराच्या दिवशी लोक आधी त्यात बसून फोटो काढायचे, मग भाजी घ्यायचे. निम्मं निमगाव माझ्या विमानातून उडून आलंय, असं तुम्ही म्हणायचात. एकदा एक म्हातारी त्यात बसेना. "पडले म्हंजी?" म्हणाली. तुम्ही गंभीर चेहरा करून तिच्या कमरेला रिबिनीचा पट्टा बांधलात आणि म्हणालात, "आता इंद्र आला तरी पाडू शकत न्हाय." तो फोटो फार चांगला आला होता. म्हातारी खरंच उडत असल्यासारखी दोन्ही हातांनी काठ धरून बसली होती.

आता साहेबांचं सांगतो. ते मूळचे वडगाव निंबाळकरचे. थोरले भाऊ ऊस आणि म्हशी बघतात. हे हवाई दलात गेले, लढाऊ जेट चालवली आणि निवृत्त झाले. आता त्यांच्याकडे एक छोटं लाल विमान आहे, एकट्यानं बसायचं, हवेत कोलांट्या मारणारं. ते उलटं उडतं, गिरक्या घेतं, नाक वर करून सरळ आभाळात चढतं. सरावासाठी त्यांनी ते बारामतीच्या धावपट्टीवर आणलं होतं. त्याच दिवसांत त्यांनी पुतण्याच्या लग्नाचा अल्बम पाहिला, जो मी केला होता. त्यात अक्षता पडतानाचा एक फोटो आहे; हवेतला तांदळाचा दाणा न् दाणा वेगळा दिसतो. तो बघून त्यांनी मला फोन केला. "तांदूळ थांबवणारा तूच का?" असं विचारलं. मी घाबरून म्हणालो, "हो साहेब, काही चुकलं का?"

तांदूळ थांबवायला मला कुणी शिकवलं ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्यांदा तुम्ही मांडवात कॅमेरा माझ्या हातात दिलात आणि माझ्या फोटोत अक्षतांच्या नुसत्या पांढऱ्या रेघा आल्या. तुम्ही सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणालात, "ह्या अक्षता हायत का पाऊस? दाणा दाणा दिसला पायजे. माणसं हालत्याल, आपुन हालायचं न्हाय." मला रडू आलं होतं. पण ते वाक्य मी मनात असं जपलं की माझ्या हातून हललेला फोटो बाहेर जाणं बंदच झालं. रात्री झोपेतसुद्धा मी शटरचा वेग वाढवत असतो, असं आई म्हणते.

साहेबांना त्यांच्या विमानाचा उडतानाचा फोटो हवा होता. जमिनीवरून कितीही मोठी लेन्स लावली तरी विमानाचं पोटच दिसतं. दुसरं विमान शेजारी नेऊन त्यातूनच तो काढावा लागतो. आणि त्यांनी आणखी एक सांगितलं, ज्यानं माझी झोप उडाली. त्यांचे एक जुने सोबती लढाऊ जेट विमानांचे असेच हवेतून फोटो काढतात, मालवाहू विमानाचं मागचं दार उघडून, त्या दारात स्वतःला बांधून घेऊन. त्यांना हाताखाली एक माणूस हवा आहे. "तुझा एक फोटो मी त्यांना पाठवीन," साहेब म्हणाले. "दहा नाही पाठवणार, एकच. तो त्यांना आवडला तर तू गेलास." आयुष्यभर मांडवात उभं राहायचं की नाही, ते त्या एका फोटोवर आलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "खाली मानसं कमी हायत का रं फोटू काढायला?" आणि थोड्या वेळानं, "त्या इमानाच्या दाराला कडी तरी हाय ना?" दार काढूनच ठेवणार होते, हे मी तिला सांगितलं नाही.

उडण्याआधी ही माणसं जमिनीवर उडतात, तात्या. हे तुम्हाला आवडलं असतं. माझं विमान चालवणाऱ्या मॅडम, ज्या तिथं मुलांना विमान शिकवतात, त्या पुढं चालत होत्या, साहेब त्यांच्या डाव्या अंगाला थोडे मागे, आणि मी मॅडमच्या मागे कॅमेरा धरल्यासारखे हात करून. मॅडम म्हणाल्या "वळतेय," की तिघंही तिरके होऊन वळायचो. जे जमिनीवर चाललो नाही ते हवेत करायचं नाही, हा त्यांचा नियम. गवत कापणारा माणूस यंत्र थांबवून आमच्याकडे बघत राहिला होता. माझ्या खिशातलं सगळं काढून घेतलं, पेनसुद्धा. वाऱ्यानं फिरू नये म्हणून लेन्सची प्रत्येक फिरणारी कडी मी आधीच चिकटपट्टीनं बांधून आणली होती, ते बघून मॅडम साहेबांना म्हणाल्या, "हा आपल्यातलाच दिसतोय."

वर वारा कसा असतो ते मला लिहिता येत नाही. दाराच्या जागी नुसती जागा होती, आणि खाली उसाचे चौकोन. मी दाराच्या चौकटीला कोपर घट्ट रोवलं, दात आवळले आणि शटरचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर नेला. मग ते लाल विमान खालून वर आलं आणि आमच्या शेजारी तरंगत राहिलं. मी एकही फोटो हलू दिला नाही. त्याच्या अंगावरचा खिळा न् खिळा टिपला. खाली उतरलो तेव्हा मनात म्हणत होतो, जमलं.

फोटो मोठ्या पडद्यावर लावले. साहेब खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले. मग म्हणाले, "मॅडम, वर माझं इंजिन बंद पडलं होतं का हो?"

मॅडम हसल्या, मग माझ्याकडे बघून थांबल्या.

"पंखा बघ," साहेब मला म्हणाले. पंख्याची तिन्ही पाती हवेत स्पष्ट, जागच्या जागी उभी होती. "एवढा घाम गाळून मी उडतोय, आणि हे जत्रंतल्या इमानावानी दिसतंय. लोक इचारतील, वरनं दोरीनं टांगलं हुतं का?" चेष्टेत आले की ते गावाकडचं बोलतात. मला आपलं निळं प्लायवूड दिसलं आणि कान तापले. तीच तीन पाती, तोच नाकाचा बाक.

"जेटला पंखा नसतो, तिथं तुझा तांदूळ चालंल," ते म्हणाले. "हितं पंखा फिरताना दिसायला हवा, म्हणजे शटरचा वेग एकदम खाली आणायचा. उद्या सकाळी एकदा उडू. दुपारी मी विमान घेऊन जाणार."

आणि मॅडमनी जे सांगितलं त्यानं मी जास्त हादरलो. "तुम्ही चौकटीला टेकला होतात. विमान सारखं थरथरत असतं, ती थरथर तुमच्या कोपरातून कॅमेऱ्यात जाते. उद्या कशालाही टेकू नका. कंबर सैल सोडा. समोरचं हललं की त्याच्याबरोबर हलायचं." म्हणजे तुम्ही सांगितलेलं एक वाक्य, आणि तेच उलटं करायचं, तेही दुसऱ्या दिवशी सकाळी.

त्याच दुपारी मी इंदापूर रस्त्याला जाऊन उभा राहिलो आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांवर सराव सुरू केला. वेग खाली, कंबर सैल, गाडीबरोबर वळायचं. पण मोठी लेन्स बघून लोकांना वाटलं वेगाचा दंड करणारा आलाय. लांबून मला बघितलं की जो तो गाडी हळू करी. एक उसाचा ट्रॅक्टर तर जवळ येऊन थांबलाच. "साहेब, म्या काय पळवत न्हवतो. ह्यो पळतच न्हाय, इचारा कुणालाबी." मी म्हणालो, "दादा, तुम्ही पळवा. माझ्यासाठी पळवा." त्यानं गिअर टाकला. मग म्हणाला, "आसं गोड बोलूनच पावती फाडत्यात," आणि आधीपेक्षा हळू निघून गेला.

मी हसत रस्त्याच्या कडेला बसलो, आणि तिथं मला पळसदेवच्या माळावरची बैलगाड्यांची शर्यत आठवली. कशी विसरलो होतो कोण जाणे. तुम्ही दोरीच्या आत उभे आहात, गाडा सुटतो, आणि तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावून कमरेतून वळताय, बैलांच्या बरोबर, टाच न उचलता, दार वळावं तसे. गाडा पुढं निघून जातो तरी तुम्ही वळतच राहता. फोटो आला तेव्हा बैलाचा डोळा लखलखीत, कपाळावरचा गुलाल लखलखीत, आणि पायांच्या जागी नुसता वारा. तुम्ही तो काउंटरवर उभा करून ठेवला होता आणि येईल त्याला दाखवत होतात. मग बैलाचा मालक आला.

"तात्या, माज्या बैलाचं पाय कुठं गेलं?"

"पळतोय, म्हून दिसत न्हाईत."

"पळतोय ते मला म्हाईत हाय की! बाजारात पाय बघूनच घेतलाय त्याला मी. ह्यात तर धुरळ्यात पवल्यावानी दिसतोय."

तुम्ही वाद घातला नाहीत. त्याच्या गोठ्यावर जाऊन बैल उभा करून दुसरा फोटो काढून दिलात, चारही पाय मोजून. आणि त्यानंतरच, तात्या, आपल्या स्टुडिओत हललेला फोटो बंद झाला. मला वाटत होतं तो फोटोग्राफीचा नियम आहे. तो त्या बैलवाल्याचा नियम होता. तुम्हाला वळता येत होतं, आणि आवडतही होतं. गिऱ्हाईकाला पाय हवे होते म्हणून तुम्ही पाय दिलेत. कडेला बसून मी कितीतरी वेळ ह्याच गोष्टीचा विचार केला. राग आला नाही. उलट अंगावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. मग उठलो आणि दिवस मावळेपर्यंत एसटीबरोबर, मोटारसायकलींबरोबर, एका पळत्या शेळीबरोबरसुद्धा वळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजनी धरणाच्या पाण्यावर ऊन तिरकं आलं होतं. मी कशालाही टेकलो नाही. मला बांधलेल्या पट्ट्यावर लोंबकळल्यासारखा सैल बसलो. लाल विमान शेजारी आलं, आणि मग साहेबांनी ते अलगद उलटं केलं. ते डोकं खाली करून उडताहेत, खाली पाणी, आणि उलट्या अवस्थेत त्यांनी मला हात केला. मी त्यांच्याबरोबर वर गेलो, खाली आलो, वळलो. बहुतेक सगळे फोटो हलले. खाली येऊन पडद्यावर एकामागून एक बघत गेलो. नुसते लाल फराटे. आणि मग एक आला. साहेबांचा चेहरा स्वच्छ, विमानाचं अंग स्वच्छ, नाकापुढं पंख्याची पातळ चकाकती चकती, आरपार दिसणारी, आणि मागे पाणी पळतंय.

"आता उडतोय मी," साहेब म्हणाले. तोच एक त्यांनी पाठवला.

काल निरोप आला. पुढच्या महिन्यात मला बोलावलंय. आधी उंचावरची विरळ हवा सोसते का ती आणि कानांची तपासणी, परवानग्या, मग उघड्या दारात उभं राहायचं प्रशिक्षण, आणि ते सगळं पार पडलं तर जेट. भीती वाटते. आईला अजून नीट सांगितलेलं नाही, पण तिनं झेरॉक्सच्या गिऱ्हाईकांना सांगायला सुरुवात केली आहे, म्हणजे तिला कळलंय.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्यामुळे एक गोष्ट लिहायला हरकत नाही. त्या दुपारी विमान घेऊन निघताना साहेबांनी विचारलं, हे असं सैल वळायला कुणी शिकवलं. मी म्हणालो, माझे वडील फोटोग्राफर होते. ते म्हणाले, "मग वर त्यांची फार आठवण झाली असेल." मी हो म्हणालो. झाली नव्हती, तात्या. रस्त्याच्या कडेला झाली, खाली उतरल्यावर झाली, आता तर झालीच आहे. पण वर, ते विमान उलटं झालं तेव्हा, मी तुम्हाला पार विसरलो होतो, आणि मला फार बरं वाटत होतं.