पाटीवरच्या नाजूक रेघेबद्दल व्याह्यांस

आदरणीय व्याहीबुवा,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (माऊस धरून धरून उजवा खांदा आखडला आहे, त्यामुळे तो हात अर्ध्यावरच थांबतो, भाव पुरता समजावा.) विहीणबाईंचा गुडघा आता जिना चढू देतो का? थोरल्या भाऊसाहेबांचा खोकला हटला असेल अशी आशा आहे. नव्या दुकानात गिऱ्हाईक येतं का, हे मात्र विचारायला जीभ रेटत नाही. पाटी मी केली आहे.

उद्घाटन झाल्यापासून हे पत्र लिहायला रोज बसतो आणि रोज काहीतरी काम आठवून उठतो. काल तर घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. आता दारंही कुरकुरायची थांबली, तेव्हा लिहितो.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी जन्मभर पाट्या रंगवल्या. गुरू कुणी नाही. दुसऱ्यांनी रंगवलेल्या भिंती बघत हात बसला. अक्षराचं सगळं मर्म रेघेच्या जाड-बारीकपणात असतं. कुंचला दाबला की रेघ अंग धरते, उचलला की कंबर बारीक होते. एवढी विद्या गाठीशी असताना तुमच्या दुकानाची पाटी मी मुकाट्याने हाताने रंगवायला हवी होती. पण आमच्या चिंगीने (म्हणजे तुमच्या सूनबाईंनी) मला संगणकावर तो चित्रं काढायचा प्रोग्राम घालून दिला होता, आणि म्हाताऱ्याला नवं खेळणं मिळालं की तो पोरांपेक्षा वाईट. या प्रोग्रामात चित्र ठिपक्यांचं नसतं, रेघांचं असतं, त्यामुळे कितीही ताणा, ते फाटत नाही. हे ऐकून मी हुरळलो, आणि ताणलं की नेमकं काय काय ताणलं जातं, ते विचारायचं राहून गेलं.

रेघ जाड-बारीक करायला त्यात एक हत्यार आहे. रेघेला चिमटा घेऊन बाजूला ओढायचं, की ती तेवढ्यापुरती फुगते. माझी पहिली रेघ उंदीर गिळून पडलेल्या सापासारखी झाली. दुसरी सुधारली म्हणावी, तर तिने दोन गिळले. (आमच्या मंडळींनी मागून डोकावून, हे दुकान चष्म्यांचंच ना, असं विचारलं.) पण हळूहळू जमलं. ‘चष्मेघर’ ही अक्षरं पडद्यावर अशी उतरली, की मी उठून लांबून पाहिली, पुन्हा जवळून पाहिली, आणि वाणसामान घेऊन आलेल्या माणसालाही आत बोलावून दाखवली.

आता लाजेची गोष्ट. अक्षर लहान-मोठं केलं की त्याच्याबरोबर रेघेची जाडीही कमी-जास्त व्हावी, अशी एक खूण त्या प्रोग्रामच्या चौकटीत असते. ती चिंगीने करून ठेवलेली होती. मी नुसता ‘घ’ जरा ओढून मोठा करायला गेलो, तर त्याच्या रेघाही माजल्या. माझा तोल गेला आणि मी ती खूणच काढून टाकली. मग ‘घ’ शहाण्यासारखा वागला. फोनवर चिंगीला हे मोठ्या फुशारकीने सांगितलं, तेव्हा तिने स्पष्ट बजावलं होतं की बाबा, पाटीएवढं मोठं करायच्या आधी ती खूण परत करा, नाहीतर अक्षर वाढेल आणि रेघ तेवढीच राहील. कळलं का, असंही विचारलं. मी कळलं म्हणालो. खरं तर तेव्हा मी ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ न्याहाळत होतो.

बारीक कुंचल्याने हातभर उंचीचं अक्षर काढायला निघालेल्या कितीतरी नवशिक्यांना मी आयुष्यभर हसलो. मोठं अक्षर, मोठा कुंचला, हे पहिलं बाळकडू. तेच मी विसरलो. यंत्राने अक्षर भिंतीएवढं केलं आणि कुंचला तोच पिटुकला ठेवला. पडद्यावर पूर्ण पाटी पाहिली तेव्हा रेघा बारीक दिसल्या, नाही असं नाही. पण मी म्हटलं, लांबची वस्तू बारीक दिसणारच, आणि भिंग लावून जवळ आणलं. भिंगाखाली मुंगीही धष्टपुष्ट दिसते.

पुढचं तुमच्या डोळ्यांदेखत झालं. पडदा ओढला आणि सगळे वर बघत राहिले. भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पाटी कधी लावणार म्हणून विचारलं. रस्त्यावरच्या कुणीतरी सांगितलं की कोळ्याने जाळं विणलंय, झाडून घ्या. तुम्ही तेवढे, नाजूक आहे हो, म्हणालात. (तीच फाईल आवळून छापलेल्या कार्डांवर उलटा प्रकार: अक्षरं आकसली, रेघा तेवढ्याच जाड, आणि नाव-पत्ता म्हणजे शाईत बुडवून चिरडलेल्या मुंग्या. ती तुम्ही खिशात लपवलीत, ते मी पाहिलं.) तेव्हा गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण नाचता येईना अंगण वाकडं. मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो, “आमच्या चिंगीने प्रोग्रामच अर्धवट घालून दिला, त्याला मी काय करणार?”

विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती चहाचे कप भरत होती. मान वर न करता तिने पुढचा कप भरला.

घरी येऊन मी प्रोग्राम उघडला तो तिची चूक पुराव्यानिशी काढायला. सापडली ती मीच काढून टाकलेली खूण. मंडळींना सांगितलं, तर त्या भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, “तुमचं नुसतं नाव त्या पाटीच्या कोपऱ्यात राहतं. ती त्या घरात राहते.” त्यानंतर मला जेवण गेलं नाही. (गेलं, पण चव नव्हती.) चिंगीचे फोन येतात, माझा खांदा विचारते, पाटीचं नावही काढत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

असो. घरातल्या सर्वांना माझे यथायोग्य सांगावे. पाटीबद्दल क्षमा असावी.

आपला,
तोंड लपवून बसलेला व्याही

ता. क. पाटी उतरवून ठेवा. रविवारी कुंचले घेऊन येतो आणि हाताने रंगवतो. शिडी तुमची, बाकी सगळं माझं.

ता. क. पुन्हा. वरची पाटीची गोष्ट हे निमित्त. मंडळींच्या कानावर आलंय की दुकानातलं संगणकाचं काम चिंगीला द्यायचं ठरलं होतं ते रद्द होऊन आता बाहेरचा माणूस बघताय, कारण तिला त्यातलं धड येत नाही असं तिचा बापच म्हणाला. तो बाप खोटं बोलला. ते काम तिला करायचं होतं, तिने मला लग्नाआधीपासून सांगितलेलं आहे. मी सगळ्यांसमोर बोललो, तेव्हा हे पत्रही सगळ्यांसमोर वाचावं, भाऊसाहेबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

ता. क. शेवटचं. वाचून झालं की ती लगेच म्हणेल, बाबांची काही चूक नव्हती, तो प्रोग्रामच तसा आहे. एवढ्या एका बाबतीत तिच्यावर विश्वास ठेवू नका. बाकी सगळ्या बाबतीत ठेवा.