मंगळवारची दाढ, गुरुवारची साखर

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब,
ग्रामीण रुग्णालय, शेलटाका, जि. बीड

विषय : दातांचे डॉक्टर व साखरेचे डॉक्टर यांना एका दिवशी, एका खोलीत, माझ्या तोंडासमोर उभे करणेबाबत.

संदर्भ : दि. १४ ऑक्टोबरपासून मी स्वतः इकडून तिकडे वाहिलेल्या आठ चिठ्ठ्या.

महोदय,

मी खाली सही करणार शहादेव सटवा देवकते, वय ५६, राहणार खडकवस्ती. धंदा शेळ्या राखणे व बाजारात जनावरांचे दात पाहून वय सांगणे. आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेले, हे मी नुसते बोट घालून सांगतो व तीस वर्षांत एकाही बोकडाने माझे बोट चावलेले नाही. अशा माणसाला स्वतःच्या एका दाढेपायी अर्ज करावा लागत आहे, ही गोष्ट बाजारात फुटू नये, ही पहिली विनंती.

१) मला आठ वर्षांपासून साखरेचा आजार आहे. माझ्या पत्नीचे नाव साखराबाई आहे. त्याचा आजाराशी काहीही संबंध नाही. आपल्या प्रयोगशाळेत दर वेळी हशा होतो, म्हणून एकदाचे लेखी देऊन ठेवतो.

२) दि. १४ ऑक्टोबर, मंगळवार रोजी डाव्या बाजूची खालची दाढ ठणकून गाल सुजल्याने मी दातांच्या डॉक्टरांकडे हजर झालो. त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या व साखर तपासली. ती ३१२ निघाली. साखर दोनशेच्या खाली आणा, मग दाढ काढू, अशी चिठ्ठी त्यांनी लिहिली. ती घेऊन मी गुरुवारी साखरेच्या डॉक्टरांकडे गेलो. दाढेत पू आहे तोवर साखर उतरणार नाही, आधी दाढ काढून या, अशी चिठ्ठी त्यांनी लिहिली. दोघेही शिकलेले आहेत, दोघेही खरे बोलतात आणि हीच माझी तक्रार आहे.

३) दातांचे डॉक्टर फक्त मंगळवारी येतात, साखरेचे फक्त गुरुवारी. दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे, पण आजवर त्यांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही. माझे तोंड मात्र दोघांनीही पाहिले आहे. मधला मंगळवार व गुरुवार दिवाळीत गेले. त्या आठवड्यात गोळ्यांनी उतरलेली सूज पुन्हा आली. तिला सुट्टी नव्हती.

४) दिवाळीनंतर त्याच मजकुराच्या आणखी तीन चिठ्ठ्या वाहिल्यावर दि. ६ नोव्हेंबर रोजी माझी साखर १८८ भरली व तशी सहावी चिठ्ठी मिळाली. घरात आनंद झाला. आता येत्या मंगळवारी दाढ निघणार, म्हणून मी तयारीला लागलो. येथे माझी चूक झाली, ती कबूल करतो. बोकड खच्ची करायचा असला की आदल्या दिवशीपासून त्याचा चारा बंद ठेवावा, हा आमच्याकडचा रिवाज आहे. मी तोच स्वतःला लावला. सोमवारी संध्याकाळपासून काही खाल्ले नाही. साखर वर जाऊ नये म्हणून मंगळवारी सकाळी साखरेच्या गोळ्या मात्र एकीऐवजी दोन घेतल्या.

५) परिणामी खुर्चीत बसताच मला घाम सुटला व दिवे गेल्यासारखे वाटले. वास्तविक दिवे होते. साखर ५४ झाली होती. मंगल सिस्टरने ताबडतोब ग्लुकोज पाजले, तिचे उपकार आहेत. एवढ्यावर थांबायचे होते. परंतु शिपाई जीवन यांना माझी दया आली व त्यांनी चार चमचे साखरेचा चहा आणला. तोही मी प्यालो. अर्ध्या तासाने साखर २९० भरली आणि डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली : गुरुवारी दाखवा. गुरुवारी, म्हणजे काल, दाखवले. तिथून चिठ्ठी मिळाली : आधी दाढ.

६) आज सकाळी मी आपणास भेटण्यास आलो, तर आवारात मधुमेह दिनाची फेरी निघत होती. माणसे कमी पडल्याने माझ्या हाती फलक देण्यात आला. त्यावर 'वेळेवर उपचार, सुखी संसार' असे लिहिले होते. मी तो बसस्थानकापर्यंत वाहिला. फोटोत डावीकडून तिसरा, एकाच बाजूने हसल्यासारखा दिसतो तो मी. मी हसत नव्हतो.

७) आमच्या वस्तीची आशाताई मोहिनी हिने गाल पाहून जे सांगितले ते तिच्याच शब्दांत देतो : "मामा, दाढंत पू हाय तवर साखर चढतीच, अन् साखर हाय तवर पू हटत न्हाई. दोन्ही इलाज संगंच करावं लागत्यात. सूज गळ्याकडं उतरली, तोंड उघडंना झालं, तर मंगळवार बघू नका, गुरवार बघू नका." जे दोन खोल्यांना महिनाभर जमले नाही, ते तिने आमच्या ओट्यावर उभ्या उभ्या जमवले.

८) साहेब, आता हसण्यावारी नेत नाही. माझा धाकटा भाऊ बजरंग यालाही साखर होती. पायात काटा मोडला, अंगठा काळा पडला. तेव्हा दुसऱ्या एका दवाखान्यात त्याला पुढच्या गुरुवारी या, असे सांगितले होते. गुरुवार आला, बजरंग आला नाही. काल रात्रीपासून माझ्या अंगात ताप आहे, सूज जबड्याखाली उतरली आहे व भाकरीचा घास गिळवत नाही. साखराबाई म्हणाली, "भावजींच्या टायमाला आपून गप बसलो. आता तुमी अर्ज करा, न्हाईतर मी जाऊन सायबाच्या दारात बसते." ती बसते म्हणाली की बसतेच. मला मरणाची भीती वाटते, हे लिहायला लाज वाटत नाही.

९) तोंड उघडू न देणारे जनावर घ्या, असे मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितले नाही. आज माझे स्वतःचे तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही.

तरी मला आजच भरती करून साखर व पू यांचा इलाज एकाच वेळी सुरू करावा. येथे जमत नसल्यास रुग्णवाहिकेने मोठ्या दवाखान्यात पोचवावे. नववी चिठ्ठी देऊ नये.

आपल्या दारातील बाकावर बसलेला, आपला नम्र,

(सही) शहादेव सटवा देवकते
दि. १४/११/२०२५, शुक्रवार

सोबत :
१. चिठ्ठ्या, नग आठ.
२. साखरेचे अहवाल : ३१२, १८८, ५४, २९०. पैकी एकही दोघांनी मिळून वाचलेला नाही.
३. साखराबाई, बाकावर शेजारी.
४. दाढ, मूळ प्रत, जबड्यासह. मंगळवारपर्यंत टिकेल. अर्जदाराची खात्री नाही.