तुझ्या ट्रिपसाठी चार गोष्टी

लेकीच्या बाबास,

नव्या बायकोला घेऊन परदेशात फिरायला निघालायस आणि टूर कंपनीशिवाय सगळं स्वतःच ठरवतोयस, असं लेक म्हणाली. माझा सल्ला हवाय म्हणे. मग ऐक. पहिल्या रात्रीचं हॉटेल स्टेशनजवळचं घे. प्लगचा अडॅप्टर इथूनच ने. दिवसाला तीन-तीन म्युझियम कोंबू नकोस, पायांचे तुकडे पडतात. आणि बायकोचा पासपोर्ट तिच्याच पर्समध्ये राहू दे.

आपल्या ट्रिपमध्ये एवढं कडाक्याचं भांडण होऊनही मी तुला सोडून गेले नाही, हे तू अजून कौतुकाने सांगत फिरतोस. अरे, जाणार कशी? माझा पासपोर्ट तुझ्या कमरेच्या पाऊचमध्ये होता.

हे पत्र तुला पाठवत नाही. हॉटेलचं वगैरे लेक सांगेल. पासपोर्टचं मी थेट तुझ्या बायकोलाच फोन करून सांगते.

लेकीची आई