देवदार म्हणून मान हलवली

आबा, आज लेकीसाठी कपाट बघायला गेले होते. दुकानदार म्हणाला, "वास घ्या मॅडम, अस्सल देवदार!" मी तशीच बाहेर पडले. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. दोनदा चहा ठेवला, दोनदा उतू गेला. आता लिहायलाच बसले.

शाहूपुरीतल्या आपल्या सुतारखान्यात तुम्ही फळीवर रंधा मारायचात आणि कुरळी ढलपी माझ्या नाकाशी धरायचात. "हुंग. काय हाय?" मी "देवदार" म्हटलं की काय खूश व्हायचात! मग त्या लांबलेल्या तापात तुम्हाला वास येणंच बंद झालं. हे फक्त मला ठाऊक. चारचौघांत तुम्ही आधी हुंगल्यासारखं करायचात, मग ढलपी माझ्याकडं यायची. मी मान हलवली की लाकूड घ्यायचं.

कागलच्या एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून पेढे घेऊन आले, तर रंधा न थांबवता म्हणालात, "न्हाय जायचं. हितं कोण हुंगणार?" अहो, मी काय तुमचं हत्यार होते? असा संताप झाला! त्याच दुपारी लाकूडवाला फळ्या घेऊन आला. कळंब्याच्या बाईंना लेकीच्या लग्नातल्या साड्यांना कसर लागू नये म्हणून देवदाराचं कपाट हवं होतं. ढलपी नाकाशी येते. साधं पाईन आहे. तुम्ही माझ्याकडं बघताय. मी मान हलवते.

पुढच्या सोमवारी मी तुमच्याशी न बोलताच कागलला रुजू झाले. दोन वर्षांनी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, बाई चाळण झालेला शालू घेऊन दारात उभ्या राहिल्या. "मेस्त्री, तुमच्या शब्दावर घेतलं की हो!" तुम्ही हात जोडलेत. "बाई, चूक माझी हाय. मला वासच येत न्हाय, लई दिस झालं." शेजारचे दुकानदार ऐकत होते. मी आतच उभी राहिले. त्यानंतर भारी लाकडाचं काम तुमच्याकडं कुणी दिलंच नाही. शेवटपर्यंत खोकी ठोकत राहिलात. मला एका शब्दानं विचारलं नाहीत. ढलपी मी हुंगली होती हे कळून आई माझ्यावर चिडली, तर तिलाच म्हणालात, "पोरगी हाय, चुकलं आसंल."

चुकलं नव्हतं, आबा. मला पहिल्या वासालाच कळलं होतं.

हे पाठवायला पत्ता नाही, याचं मला बरंच वाटतंय. तुम्ही समोर असता, तर आजसुद्धा मी "चुकलं" एवढंच म्हणाले असते.