तीन वाट्या कढी

तात्या, तुमचे कान कसे आहेत? डाव्या कानातून पाणी यायचं ते थांबलं का? आईचे गुडघे थंडीत धरायचे, तिकडं थंडी असते की नसते कोण जाणे. आजी अजून मिशेरीची डबी मागते का, आणि तुम्ही अजून ती लपवून ठेवता का? आमचे हे तिकडं येऊन दीड वर्ष होत आलं. त्यांच्या साखरेकडं जरा लक्ष असू द्या. गोड दिसलं की त्यांचा हात आपोआप पुढं जातो आणि नवीन जागी त्यांना अडवणार कोण? आणि मुख्य म्हणजे, त्यांना आता माणसं ओळखू येतात का, तेवढं नक्की कळवा. माझं म्हणाल तर मी ठणठणीत आहे. चालून पाय सुजतात, पण आज ते पाय जमिनीला लागत नाहीत इतका आनंद झालाय. मुलगा कामावर गेलाय, घरात मी आणि भिंती. म्हणून म्हटलं, तात्यांना लिहू.

तुमच्या लेकीनं काय पराक्रम केला ते सांगते, पण आधी माझी फजिती ऐकावी लागेल. ह्यांचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी माझ्या लेकीकडं जामखेडला गेले होते. लेक बाळाला निजवायला आतल्या खोलीत गेली आणि स्वयंपाकघरात आम्ही दोघीच राहिलो, मी आणि तिची सासू. विहीणबाई तशा सज्जन, पण कमी बोलणाऱ्या. मी ताटावर बसलेली, त्या वाढताहेत. आणि काय झालं मला कळलं नाही तात्या, मी बोलायला लागले. संसारभर हे बोलायचे आणि मी ऐकायची, म्हणून की काय, सगळं एकदम बाहेर आलं. शेवटच्या महिन्यांत ह्यांना मी ओळखू येत नव्हते. एकदा मी त्यांना पेज भरवत होते, तर माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "बाई, तुमी कुठल्या?" मी म्हटलं, "बेलापूरची." तर चेहरा असा उजळला त्यांचा! म्हणाले, "बेलापूरला आमची सासुरवाडी हाय. लई चांगली मानसं." मी हसले, उरलेली पेज भरवली, आणि मग मोरीत जाऊन नळ मोठा सोडून रडले. हे सगळं मी विहीणबाईंना सांगितलं. वर हेही सांगितलं की माणूस नंतर गेला, मी मात्र त्याच दिवशी एकटी झाले. हे मी पोटच्या पोरांनाही कधी सांगितलेलं नाही.

विहीणबाई म्हणाल्या, "कढी घ्या की."

बस. एवढंच. ना हुं, ना चुं. मी पुढं बोलले, त्यांनी पुन्हा कढी वाढली. मग मी गप्प झाले, तर तिसऱ्यांदा वाढली. ती कढी कशी घशाखाली उतरवली ते माझं मला माहीत.

परतीच्या एस.टी.त माझ्या अंगावर काटा येत होता. आपण काय बोलून बसलो! विहिणीसमोर! जिच्या घरात आपली लेक नांदते तिच्यापुढं असं उघडं पडायचं असतं का? बरं, त्या बाईनं काही वाईट केलेलं नाही. भांडण नाही, अपमान नाही, टोमणा नाही. मग मला झालं होतं तरी काय? तात्या, चौथीत शाळा सुटली तरी मी किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून पुष्कळ शब्द गोळा केलेत, तुम्हाला ठाऊक आहे. पण ह्याला शब्द सापडेना. रडू म्हणावं तर रडू नव्हे, राग म्हणावा तर कुणाचा, लाज म्हणावी तर कशाची? आपण कुणाला निगुतीनं ताट वाढावं आणि समोरच्यानं हात धुवायलाही उठू नये, आणि ताट तसंच मधोमध पडून राहावं, तसं काहीतरी. आता ते ताट उचलायचं कुणी?

मी जामखेडला जायचंच सोडलं. संक्रांतीला गेले नाही, लेकीच्या दिराच्या साखरपुड्याला पाय दुखतात म्हणून सांगितलं. आणि त्या घरानं आपल्या परीनं अर्थ लावला. आपल्याकडं विहीण येईनाशी झाली की दुसरा अर्थ असतोच कुठं? मानपानात काहीतरी कमी पडलं! एक दिवस जावई मोटारसायकलवर आले, पिशवीतून भारीतली साडी काढून माझ्यापुढं ठेवली आणि खाली मान घालून म्हणाले, "मामी, आईनं दिलीय. मागल्या टायमाची जरा हलकी हुती म्हनून तुमाला वाईट वाटलं आसंल." मला हसावं की रडावं कळेना. मुलगी देणाऱ्या बाईनं साडीवरून रुसायचं, हे तरी कुणी कधी ऐकलंय का? मुलगा म्हणतो, "घे ना आई, मिटलं प्रकरण." संध्याकाळी लेकीचा फोन, "आई, जावळाला येताना तीच साडी नेसून ये. तू नेसलीस म्हंजी मिटलं सगळं."

आणि मी ती साडी घडीसकट पेटीत ठेवून दिली. ती साडी मी नेसले असते तर खरंच मिटलं असतं, तात्या. मी कायमची साडीसाठी रुसलेली विहीण झाले असते, आणि ह्यांचं ते "बाई, तुमी कुठल्या" कुणी कधी बोललंच नाही असं झालं असतं. न बोललेलं पोटात तरी राहतं. बोललेलं असून नसल्यासारखं झालं, तर ते जातं कुठं?

तेव्हा मला आपली पिठाची गिरणी आठवली. पट्टा फिरायला लागला की अख्खी आळी थरथरायची, आणि दळण घेऊन आलेल्या बायका तुमच्या कानाशी तोंड नेऊन काय काय सांगत असायच्या. तुम्ही मान हलवायचात. मला वाटायचं, आपल्या तात्यांएवढं शहाणं गावात कुणी नाही. मग ती दुपार. मी पोत्यांवर बसलेय, वरच्या आळीची एक सून तुमच्याशी जोरजोरात बोलतेय, आणि फट्‌दिशी लाईट जाते. गिरणी थांबते, पण तिचं वाक्य थांबत नाही. "सासरी ऱ्हावत न्हाई आन् म्हायेरी ठेवीत न्हाईत, तर मी जाऊ कुटं?" सगळ्या गिरणीला ऐकू गेलं. बायका आपापल्या डब्यांकडं बघायला लागल्या. ती पोर पांढरीफटक; पिठानं आधीच होती, त्यात आणखी. आणि तुम्ही, तात्या, पट्ट्यावरचा हात काढून तिला म्हणालात, "पोरी, इतके दिस तू काय सांगत हुतीस ते मला कायबी ऐकू येत न्हवतं. मी आपली नुसती मान हलवायचो. आज आलं ऐकू. बस हितं, आन् पयल्यापासनं सांग." ती आधी हसली, मग बसली. मला तेव्हा तुमची लाजच वाटली होती, एवढा शहाणा माणूस आणि बहिरा निघाला म्हणून. आता कळतं, तिला त्या दिवशी सगळ्यांत जास्त काय मिळालं असेल. माझ्या त्या न सापडणाऱ्या शब्दाचा शोध तिथं संपला. मोठा शब्द लागतच नव्हता. विचारायचं एवढंच होतं की ऐकू आलं का.

काल जावळ झालं. मी माझी नेहमीची साडी नेसून गेले. मामाच्या मांडीवर बाळ बसायचं होतं, न्हावी यायचा होता, आणि स्वयंपाकघरात आम्ही बायका पुऱ्या लाटत होतो. तेवढ्यात विहीणबाईंच्या जावेनं डिवचलंच, "काय वो इहीनबाई, नवी साडी पेटीतच ठिवली जनू? आजून रुसवा गेला न्हाई का?" सगळ्या हसल्या. माझ्या हातात लाटणं होतं, ते खाली ठेवलं.

"साडीचा राग न्हवताच कधी," मी विहीणबाईंना म्हटलं. "त्या दिशी मी तुमाला आमच्या ह्यांचं सांगितलं. मन मोकळं केलं. तुमी कायच बोलला न्हाई, म्हनून मला अवघडल्यावानी झालं, आन् मी यायची बंद झाले. आता एकच सांगा. ऐकू आलं हुतं का?"

लेक दारात उभी होती, ती तिथंच थिजली. विहीणबाईंचा झारा कढईवर थांबला.

"आलं की वो," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग काय. मला सुचंचना. म्हनून कढी वाढली."

"तीन येळा?"

"चौथ्यांदाबी वाढनार हुते. तुमीच वाटीवर हात धरला."

हसण्याचा असा लोट उठला की बाहेरची माणसं डोकावून गेली. आणि मग, तात्या, त्या बाईनं जावेकडं वळून, पुरी तळता तळता, माझं सगळं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. पेज, बेलापूर, "लई चांगली मानसं", मोरीतला नळसुद्धा. एक अक्षर सांडलेलं नव्हतं. इतके महिने त्यांनी ते जपून ठेवलं होतं! चारचौघींत माझं गुपित फुटत होतं, तर मला राग यायला हवा होता. पण माझं दुःख दुसरीच्या तोंडून ऐकताना मला वाटलं, हे चांगलं आहे की, सांगण्यासारखं आहे. कोपऱ्यातली एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "बायकू इसरला, पर सासुरवाडी न्हाई इसरला गडी!" मी इतकी हसले, इतकी हसले, की लेकीनं येऊन मला धरलं. नवरा गेल्यापासून मी अशी हसले नव्हते.

विहीणबाईंनी त्यांचं स्वतःचं काही सांगितलं नाही. विचारलंही नाही मी. सांगतील तेव्हा सांगतील, नाहीतर नाही. पण दुपारी जेवायला बसले तेव्हा त्या माझ्या शेजारी ताट घेऊन बसल्या, आणि मला आणखी काय हवं होतं! निघताना एस.टी. स्टँडपर्यंत आल्या. निवडणूक जिंकलेला सरपंच जीपमध्ये कसा बसतो, तशी मी खिडकीशी बसले.

हे पत्र काही पेटीत पडायचं नाही, पत्ता घालू तरी कुठला. तरी तुमच्यापासून एक गोष्ट लपवत नाही. एवढा विजय मिळवून येताना शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. मिरजगाव यायच्या आत मी तिला हे सगळं सांगून टाकलं, पार पेजेपासून. तिनं दुसरीकडं तोंड फिरवलं आणि डोळे मिटून घेतले. मी तिलाही विचारलं, "ताई, ऐकू आलं का?" ती म्हणाली, "मावशी, मला झोप येतीय." तर तात्या, तुम्ही तरी तसं करू नका. दोनच ओळी लिहा, पण लवकर लिहा.