काचेमागचा पाट

कोबे, ५ जुलै १९८७

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. वर्षभरात तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितोय ती थेट जपानहून. डिचोलीहून चोपड्याचं आपलं घर म्हणजे दोन बस आणि शिवोलीची फेरीबोट, पण तेवढं पाऊल उचललं नाही. असो. मी खुशाल आहे. आमच्या खाणीचं खनिज इथे बोटीतून उतरलं की त्यात लोखंड किती, ओल किती, हे इथल्या प्रयोगशाळेतल्या माणसांबरोबर बसून तपासायचं, एवढंच काम. नमुना चाळायचा, वाळवायचा, तोलायचा. माणसं अबोल आणि वक्तशीर. जेवणात नारळ औषधालाही नाही. सुमंगलावहिनीच्या हातचं माशांचं हुमण आठवत भात गिळतो.

गोवा राज्य झालं त्या दिवशी डिचोलीत फटाके वाजले, तेव्हा मनात आलं, दादा आज काय करत असेल. राजभाषेचं सगळं काही तुझ्या मनासारखं झालं नाही, ठाऊक आहे. गेल्या चवथीला आरतीच्या आधी तू मराठीच्या बाजूने आणि मी कोकणीच्या, दोघे असे पेटलो की निरांजन वहिनीच्या हातात तसंच राहिलं. गंमत बघ, मराठीसाठी तू भांडलास तो कोकणीत आणि मी आज त्या भांडणाबद्दल लिहितोय मराठीत. शेवटी तू म्हणालास, “जा, तुझो गणपती वेगळो हाड!” मीही तुझाच भाऊ. वेगळा गणपती आणायचा हा तुझाच शब्द उचलून, प्रसादाला न थांबता घराबाहेर पडलो.

आज रविवार, म्हणून प्रयोगशाळेतले तानाका नावाचे वयस्क गृहस्थ मला एका संग्रहालयात घेऊन गेले. जगभरच्या लोकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे मांडल्या आहेत. बेटांवरच्या होड्या, बर्फातल्या माणसांचे कातडी अंगरखे, मासे धरायचे सापळे. हे सापळे तर अगदी आपल्या नदीत लावतात तसले. भात कांडायची उखळं इतक्या देशांची की आई असती तर तिने प्रत्येकात मुसळ घालून बघितलं असतं.

भारताच्या दालनात एका काचेमागे पाट होता. खाली इंग्रजीत लिहिलेलं, ‘लाकडी आसन, पश्चिम भारत’. मी पुढे सरकणार तेवढ्यात पाटाच्या मधोमध वाळल्या मातीचं वर्तुळ दिसलं. दादा, तो बसायचा पाट नव्हता, गणपतीचा होता. दरवर्षी मूर्तिकाराच्या चित्रशाळेत जाणारा, मूर्ती घेऊन घरी येणारा आणि विसर्जनानंतर नदीची वाळू घेऊन परतणारा. तानाकांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत हे समजावलं. त्यांनी विचारलं, मग त्या घराने तो दिला कसा? चालत्या गणपतीचा पाट कोणी देत नाही. त्या घरातला गणपती बंद पडला असणार, नाहीतर भावाभावांत एकाचे तीन होऊन जुना पाट कोणालाच नको झाला असणार. मी तिथे इतका वेळ उभा राहिलो की पहारेकरी येऊन बघून गेला. सांगायला लाज वाटत नाही, माझे डोळे भरले होते.

आता मुद्द्याचं. निघण्यापूर्वी मी मयेच्या सगुण मूर्तिकाराकडे फणसाचा नवा कोरा पाट देऊन आलोय. भाग्यलक्ष्मी नको नको म्हणत होती, पण बायकोचं ऐकेन तर मी कसला! नागपंचमीच्या सुमारास सगुण त्यावर माती चढवील. एकदा माती चढली की ती मूर्ती आणावीच लागेल, आणि एकदा आणली की दरवर्षी, माझ्यानंतर मुलांनासुद्धा. मी परतेन तेव्हा चवथीला चार दिवस उरलेले असतील. खाणीच्या ऑफिसात फोन करून निरोप देता आला असता, पण हे दुसऱ्याच्या तोंडून तुझ्यापर्यंत यायला नको होतं. भाग्यलक्ष्मीला पाठवून उपयोग नाही. दिलेला पाट रिकामा परत नेणं अशुभ मानतात; घरच्या थोरल्याने स्वतः मागितल्याशिवाय सगुण तो सोडणार नाही. तेव्हा नागपंचमीआधी तूच जाऊन तो पाट परत आण, दादा. मी चुकलो. भाषेबद्दल नव्हे हं, ते भांडण आपण पंगतीत बसून पुढे चालू ठेवू. सगुणला फक्त एवढं सांग की आमच्या घरात गणपती एकच आहे.

तुझाच धाकटा,
गुरुदास